कपाट गेलं, दार राहिलं

गावातल्या ग्रंथपालबाईला सगळे ‘घाईबाई’ म्हणत आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. पुस्तक मागायला आलेल्याचं वाक्य तीच पुरं करी, चहा निवायच्या आत जीभ पोळून घेई आणि कुणी बोलताना दम घ्यायला थांबलं, की मधल्या जागेत स्वतःचं काहीतरी घुसवून देई. अशा बाईनं नदीकाठच्या जुन्या तिकीटघरापुढे आठवणींची संध्याकाळ भरवायचं मनावर घेतलं, तेव्हा चार महिने गावात कुणालाच स्वस्थ बसता आलं नाही.

आठवणी होत्या नदीच्या. त्रेसष्ट वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. इकडे बाजार, तिकडे शाळा आणि मध्ये जाड दोराला धरून ये-जा करणारी एक मोठी होडी. मग नदीच्या मधोमध सरहद्द आली. होडी बंद झाली, दोर कापला, पलीकडे हाक मारायलाही मनाई झाली. ती मनाई पुढे उठली, पण तोवर हाक मारायची सवय मोडली होती.

होडीचं गाणं मात्र टिकलं. होडी काठाला लागताना म्हणायचं, तीनच ओळींचं. शाळेतली मुलं ते अजून म्हणत. त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. प्रत्येक ओळीनंतर एक लांबलचक रिकामी जागा यायची. मुलं तिथे तीन टाळ्या वाजवत, बँडमास्तर ड्रम घुमवत आणि निवृत्त हेडमास्तरांनी तर त्या रिकामपणावर चाळीस पानी निबंध लिहिला होता. जाणती माणसं एकेक करून गेली. खरं काय ते ठाऊक असलेली एकच बाई उरली होती, घाईबाईची मावशी.

मावशी होडीच्या तिकीटबाबूंची धाकटी लेक. सोळाव्या वर्षी धक्क्यावर उभी राहून ती हे गाणं म्हणायची आणि फेकलेला दोर झेलायची. तिला विचारलं, की ती सांगे, तिथे पलीकडच्यांचं उत्तर असतं. काय उत्तर, म्हटलं की म्हणे, ते त्यांनाच विचारा. लोकांनी म्हातारीचा हट्ट म्हणून सोडून दिलं. या संध्याकाळी गायला ती तयार झाली, पण एका अटीवर. मधल्या जागेत टाळी नको, ड्रम नको, कुणी खोकायचंसुद्धा नाही.

“आणि उत्तर आलंच नाही तर?” घाईबाईनं विचारलं.

“हाक जायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो,” मावशी म्हणाली. “मधे माणसाला हसू आवरायलाही वेळ लागतो. तुला मेलीला कशाचाच धीर नाही.”

पलीकडच्या वाचनालयाला घाईबाईनं तीन महिन्यांपूर्वी या संध्याकाळचं पत्र धाडलं होतं, त्याला उत्तर नव्हतं. चारशे लोकांसमोर एकोणऐंशी वर्षांची मावशी नदीकडे तोंड करून उभी आहे आणि समोरून नुसता वारा येतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मावशीचं हसं झालं असतं आणि त्याहून वाईट म्हणजे मावशीला कळलं असतं, की तिथे आता कुणी नाही. तेव्हा तिनं बँडमास्तरांना हळूच गाठून सांगितलं, मनात चार आकडे मोजा, उत्तर आलं नाही तर ड्रम सुरू करा. बँडमास्तर भला माणूस. त्यांनी मान डोलावली, पण मावशीकडे दिवसभर पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच एक बातमी गावभर झाली. ड्रमवाला दुर्बीण घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला होता आणि तिथूनच ओरडला, की तिकडेही खुर्च्या मांडताहेत. मग काय विचारता! न्हाव्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून टाकी गाठली. कुणी म्हणालं लग्न असेल, कुणी म्हणालं निवडणुकीची सभा. खुर्च्यांची तोंडं कुठे आहेत, एवढंच घाईबाईनं खालून विचारलं. वरून उत्तर आलं, नदीकडे. त्यानंतर कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा तिनं दोनदा सांडला.

संध्याकाळी तिकीटघरापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सरहद्दीच्या कचेरीनं कर्णे लावायला परवानगी दिली नव्हती, म्हणून ठरलं होतं असं, की आधी मावशीनं ओळ म्हणायची आणि मग साऱ्या गावानं ती बेंबीच्या देठापासून म्हणायची.

आधी वाचन झालं. हेडमास्तरांनी निबंध आणला होता. गाण्यातला ‘कोण येतंय’ हा माणसाच्या एकटेपणाचा सवाल आहे, ‘दोर सोडू का’ ही विरक्तीची हाक आहे आणि मधलं मौन म्हणजे साक्षात नियती, असं त्यांनी अकरा पानं समजावलं. बाराव्या पानाला घाईबाईनं टाळ्या सुरू केल्या आणि लोकांनी मनापासून साथ दिली.

मग औषधांच्या दुकानदारानं होडीच्या नोंदवहीचं शेवटचं पान वाचलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याला कुठलंही अक्षर लागायचं. “शेवटची फेरी. माणसं एकतीस, बकऱ्या दोन, शिलाई मशीन एक, लाकडी कपाट एक, दाराशिवाय. दार पुढच्या फेरीला.”

लोक हसले. घाईबाईला हसू येईना. ते कपाट मावशीच्या थोरल्या बहिणीचं होतं. थोरली पलीकडे दिलेली, मधली म्हणजे घाईबाईची आई इकडेच. होडीत जागा नव्हती म्हणून दार काढून ठेवलं आणि पुढची फेरी झालीच नाही. पहिली काही वर्षं थोरलीची पत्रं आली, मग तीही थांबली. दाराला मावशीनं चार पाय ठोकून टेबल केलं. घाईबाई त्याच टेबलावर बाराखडी शिकली होती आणि कुलपाच्या भोकात तिनं पेन्सिलींचे तुकडे कोंबले होते. ती वळून मावशीकडे बघायला गेली, तर मावशी धक्क्याच्या टोकाला पोचलीसुद्धा होती.

बँडमधल्या पितळी कॉर्नेटनं सूर दिला. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण सरळ होता.

“कोण येतंय, कोण येतंय, होडीत बसून?”

चारशे गळ्यांनी ओळ उचलली. ती पाण्यावरून गेली आणि सगळं शांत झालं. एक. दोन. तीन. मावशीची पाठ ताठ होती. चार. बँडमास्तरांनी घाईबाईकडे पाहिलं, ड्रमवाल्यानं काठी उचलली. आता तिनं मान हलवायचा अवकाश होता.

मावशीच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. ते पुढे झाले होते, तळवे वर करून, दोर झेलायला निघाल्यासारखे. तिथे त्या क्षणी ड्रम वाजला असता, तर ती हाक कायमची मिटली असती आणि ती मिटवणारी दुसरी कुणी नसती, सख्खी भाची असती. घाईबाई धावली आणि दोन्ही हात पसरून ड्रमच्या कातड्यावर पालथी पडली. काठी तिच्या पाठीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक रिकामी जागा रिकामी राहू दिली.

आणि पलीकडून आलं. बारीक, उशिरा, पण शेकडो तोंडांनी एकदम.

“तुझी सासू, तुझी सासू, पेटी घेऊन!”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक म्हातारा फिसकन हसला, त्याच्या शेजारणीनं पदर तोंडाला लावला आणि सगळा काठ हसत सुटला. साठ वर्षं गंभीर चेहऱ्यानं म्हटलेलं गाणं हे! हेडमास्तर निबंधाची पानं घडी करता करता इतके हसले, की त्यांना खाली बसवावं लागलं.

मावशीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मागे वळून ती एवढंच म्हणाली, की दुसरं उत्तर ठरलेलं नसतं, ते त्या दिवशी होडीत जे असेल त्यावरून रचायचं असतं. मग तिनं ओळ टाकली.

“काय आणलंय, काय आणलंय, उतरवू का?”

गावानं ओळ अशी फेकली, की झाडांवरचे पक्षी उडाले. या वेळी कुणी आकडे मोजले नाहीत. पलीकडे थोडी कुजबुज झाल्यासारखी वाटली. मग एकच आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, चिरका आणि भांडखोर, आणि त्याच्या मागोमाग सगळा काठ.

“दार पाठवा, दार पाठवा, कपाट उघडंच!”

नोंदवही सगळ्यांनी आत्ताच ऐकली होती. औषधवाल्यानं हातातल्या पानाकडे पाहिलं, मग नदीकडे. घाईबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

“जिवंत आहे,” मावशी म्हणाली. “अजून तक्रारच करतेय.”

तिसरी ओळ मावशीला म्हणता येईना. तिनं दोनदा तोंड उघडून पाहिलं. तिनं भाचीचा हात धरून तिला पुढे ओढलं. घाईबाईला सुरांशी देणंघेणं नव्हतं, शाळेत तिला टाळ्यांवरच ठेवलेलं असे. तरी तिनं नदीकडे तोंड केलं आणि जसं येईल तसं म्हटलं.

“कधी निघणार, कधी निघणार, दोर सोडू का?”

मागे सगळं गाव गरजलं. मग ती थांबली. तोंड मिटून, मावशीचा हात धरून, हाक जाईपर्यंत आणि येईपर्यंत थांबली.

“आत्ताच आलो, आत्ताच आलो, बसू तरी दे!”

नंतर बँडनं जे काही वाजवलं ते कुणी ऐकलं नाही. लोक धक्क्यावर उभे राहून हात हलवत होते आणि तिकडेही पांढरं काहीतरी हलत होतं. घाईबाई मावशीला खुर्चीत बसवून तिच्यापाशी उकिडवी बसली. उद्या सकाळीच सरहद्दीच्या कचेरीत जाते, परवान्याचा अर्ज करते, पत्र लिहिते, असं ती एका दमात बोलत सुटली. मावशीनं तिला पुरं बोलू दिलं.

“ते सगळं कर,” मावशी म्हणाली. “पण आधी घरी चल आणि टेबलाचे पाय काढ. आणि त्या भोकातल्या तुझ्या पेन्सिली काढ. तिला किल्ली लावायची असेल.”