खड्यांसाठी नवरा
लोरीन हटवादी, त्यातून अमेरिकेतल्या रांगड्या ओक्लाहोमाची, म्हणजे बघायलाच नको. पोट दुखलं की माणसानं ओवा मागावा. ही बाई टेबल धरून उभी राहायची, घाम पुसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अंडी कशी हवीत ते विचारायची. पित्ताशयात खडे झालेत, शस्त्रक्रिया करावीच लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण खाणावळीत राबणाऱ्या लोरीनला आरोग्य विमा नव्हता, आणि विम्याशिवाय शस्त्रक्रिया म्हणजे राहतं घर विकणं आलं.

गावकऱ्यांकडे उपाय तयार होता: डेलशी लग्न कर. डेल शाळेची बस चालवायचा. त्या नोकरीत विमा होता, बायकोलाही लागू. अशी लग्नं गावात नवी नव्हती. पाद्रीबाबा हल्ली आशीर्वाद देताना नवरीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचीही चौकशी करत. शिवाय डेल दर नाताळाला लोरीनला मागणी घालायचा आणि ती हसून टाळायची. दोन लग्नांत हात पोळलेली बाई पुन्हा चुलीजवळ कशाला जाईल?

पंचाईत अशी, की आता तिला खरोखरच हो म्हणायचं होतं. मेला आवडायला लागला होता. पण आत्ता हो म्हटलं, तर तो जन्मभर समजणार की हिनं खड्यांसाठी नवरा केला. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ठरवून ती कॉफी ओतायला गेली आणि तिथंच मटकन खाली बसली.

रुग्णवाहिका बोलावलीस तर याद राख, तिचं बिल कोण भरणार, असं कण्हत कण्हतच तिनं न्याहारी टाकून धावत आलेल्या डेलला दटावलं. त्यानं तिला आपल्याच गाडीत घातलं. इस्पितळात इंजेक्शननं कळ ओसरली, तशी तिनं मनातली सगळी अडचण त्याच्यापुढे ओकून टाकली.

डेलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझं सुतारकाम झकास चाललं होतं. साठीच्या माणसानं ते सोडून पोरांचा कलकलाट का पत्करला, कधी विचारलंस?"

"नाही."

"तुला पहिली कळ आली ना, त्याच आठवड्यात अर्ज केला मी. म्हटलं, ही कधी हो म्हणालीच, तर विमा हाताशी असू दे."

लोरीन रडली. मग हसली, हसताना पोटात दुखलं म्हणून त्यालाच शिव्या दिल्या, आणि सकाळी कचेरीत जाऊन लग्न लावून टाकू म्हणाली.

डेल टोपी हातात फिरवत राहिला. इतकी वर्षं मागणी घालणारा गडी आता घाबरला होता.

"आणि खडे निघाल्यावर?" त्यानं हळूच विचारलं.

"खडे निघाल्यावर," लोरीन म्हणाली, "मला निवांत भांडता येईल तुझ्याशी. मरेपर्यंत."