कोकमाच्या बरण्यांचा पंचनामा

साहेब, तुमच्या चौकीनं आमच्या बकुळाबाईचं सरबत ढोसलं. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर लाठ्या चालवून झाल्या, गोळ्या घालून झाल्या, आता बायकांच्या बरण्यांवर आलात?

धम्मदीक्षेनंतरची ही पहिली बुद्धजयंती. "आख्ख्या चाळीला कोकम सरबत माझ्याकडून," असं बकुळाबाई नळावर बोलून बसली. समोरच्या खोलीतली गुणवंती लगेच फिस्कारली, "बघा हां, नायतर रंगाचं पाणी पाजाल!"

झालं! बकुळाबाईनं हट्टाला पेटून गावच्या भावाकडून बोटीनं रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, करंडी मागवली. फळं कापून सालीच्या एकेका वाटीत साखर ठासून दोन बरण्या भरल्या, तोंडाला फडकी बांधली आणि भोईवाड्यातल्या आपल्या चाळीच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. आठव्या दिवशी पाक असा लालभडक सुटला की बोट बुडवावं तर नख आठवडाभर रंगलेलं.

नेमका त्याच दिवशी हवालदार गच्चीवर चढला. मोर्चासाठी कुणी दगड साठवलेत का, बघायला. दगड नव्हते, बरण्या होत्या. त्यानं फडकं सोडून नाक खुपसलं.

"आंबूस वास! हातभट्टी!"

"हातभट्टी कोण उन्हात वाळत घालतं वो? चाखून बघा," बकुळाबाई म्हणाली.

"ड्यूटीवर चाखत नसतो."

"मग पाणी तरी घ्या. घामाघूम झालाय."

हवालदारानं तांब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तहान नाय," म्हणाला. आमच्या घरचं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, दुसरं काय!

बरण्या जप्त. पंचनाम्यात लिहिलं: रंग लाल, वास आंबट, संशय दाट.

दुसऱ्या दिवशी बकुळाबाई चौकीत हजर. बरण्या कपाटात होत्या, पण चार बोटं उतरलेल्या.

"तपास चालू आहे," हवालदार म्हणाला. मिशा गुलाबी.

तिसऱ्या दिवशी बरण्या अर्ध्या.

"उन्हानं आटलं, बाई."

"कपाटात ऊन कुठनं आलं, मेल्या?"

"तपास चालू आहे!" आतून आणखी तिघं एकदम ओरडले. तिघांच्याही जिभा लाल. कागदांवर वजन म्हणून ठेवली होती मीठ-जिऱ्याची पुडी.

पाचव्या दिवशी निकाल लागला: दारू नाही, माल परत न्यावा. माल म्हणजे तळाशी चोखलेली सालं!

आणि लगेच पुढच्याच दिवशी पौर्णिमा. बकुळाबाईनं बरण्या विसळल्या, सालं पिळली, वर गूळ मारला. पिळायला पदर खोचून कोण बसलं? गुणवंती!

"बकुळाबाय, फिक्कं झालंय गं."

"फिक्कं नाय, पोलिसांनी गाळून दिलंय."

अर्धा अर्धा कप का होईना, पण सगळ्या चाळीला पुरलं. बंदोबस्ताला तोच हवालदार उभा होता. बकुळाबाई पेला घेऊन त्याच्यापुढे गेली.

"घ्या. तुमच्या ओळखीचं आहे."

हवालदारानं चारचौघांकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाला, "तहान नाय." एवढ्यात त्याच्या टोपीतनं मुंग्यांची रांग निघाली आणि कानावरून थेट मिशीकडे चालू लागली. चाळ पोट धरधरून हसली.

बकुळाबाई तेवढी हसली नाही. पेला हातात धरून उभी राहिली. तेव्हा साहेब, तिच्या वतीनं विचारतो: ही दारू नाही, हे तुमच्या चौकीला कितव्या पेल्याला कळलं? आणि कपाटाआड लागते ती तहान आमच्या चाळीत आल्यावर जाते कुठं? लेखी उत्तर द्या.