थांबला की जाग येते

वरच्या मजल्यावरचे लोक न्हाणीघर मोठं करत होते आणि खाली नर्सबाईंची झोप लहान होत चालली होती. त्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी करायच्या. सकाळी घरी येऊन जरा अंग टाकलं, की डोक्यावर छिन्नी-हातोडा सुरू.

गंमत म्हणजे नुसत्या आवाजाचं त्यांना काही वाटत नव्हतं. यंत्रांच्या बीप-बीपमध्ये वर्षं काढलेली बाई. आवाज चालू म्हणजे सगळं ठीक, थांबला की धावायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. वरचा गवंडी मात्र चार घाव घालायचा आणि थांबायचा. तो थांबला की या ताडकन उठून बसायच्या. नवरा म्हणाला, कानात कापूस घाल. त्याला काय जातंय सांगायला, तो दिवसभर कामावर.

या जागरणापायी परवा एका पेशंटचं इंजेक्शन त्यांनी दुसऱ्याच्याच खाटेपाशी नेलं होतं. मनगटावरची नावाची पट्टी वाचली म्हणून निभावलं. कुणाला कळलं नाही, त्यांनीही कळू दिलं नाही. कळलं असतं तर विभागातून उचलबांगडी ठरलेली.

अखेर एका दुपारी त्यांचा तोल सुटला. अंगातल्या गाऊनवरच त्या जिना चढून गेल्या. वरच्या वहिनी ओशाळून खुर्ची पुढे करू लागल्या, पण तिकडे न बघता नर्सबाई थेट न्हाणीघरात.

"काम करायचं तर सलग करा, नाहीतर करूच नका," त्यांनी गवंड्याला सुनावलं. "हे मधेमधे थांबणं कशाला?"

म्हातारा गवंडी भिंतीला टेकून बसला होता. चेहरा घामाने निथळत होता.

"थांबल्याशिवाय जमत नाही, ताई. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं."

नर्सबाईंचा राग जागच्या जागी विरला. त्यांनी त्याची नाडी धरली आणि वहिनींना रुग्णवाहिका बोलवायला पिटाळलं. कधीपासून होतंय, विचारलं. काम घेतल्यापासूनच, म्हणाला.

"आणि बोलला नाहीत कुणाला?"

"बोललो असतो तर काम गेलं असतं."

"जीव गेला असता त्याचं काय? काम जाईल म्हणून कुणी असलं लपवतं का?"

एवढं बोलल्या आणि त्यांना परवाचं इंजेक्शन आठवलं. हा बिचारा निदान स्वतःचाच जीव टांगणीला लावत होता.

रुग्णवाहिका आली. आत चढवतानाही त्याने वहिनींना हातोडा जपून ठेवायला बजावलं. तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, आता काम बंद, तुम्ही निवांत झोपा.

घरात खरंच शांतता होती. पाठ टेकली असती तर डोळा लागलाही असता. नर्सबाईंनी आधी फोन उचलला. पलीकडून हेडसिस्टर "बोल" म्हणाल्या.

"सिस्टर, परवा माझ्या हातून एक चूक होता होता राहिली," त्या म्हणाल्या. "आज मला औषधांना हात लावू देऊ नका."