डाव्या स्केटची धार

“डावी धार परत गेली, माकी. ही तुझी मशीन कामातून गेलीय बघ.”

असं माझ्या तोंडावर बोलतात. पाठीमागे नाही, तोंडावर.

मित्रांनो, मी एक जुनी धारेची मशीन आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार वरच्या टोकाला, कागद गिरणीच्या गावात, बर्फाच्या मैदानामागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. आइस हॉकी खेळणाऱ्यांच्या बुटांना खाली पोलादी पातं असतं. त्या पात्याच्या मधोमध मी बारीक खोबण पाडते, म्हणजे दोन्ही कडांना धार येते. धार नसेल तर गडी वळायला जातो आणि आडवा होतो. काम एवढंच. पण ते रोज असतं, आणि रोजच्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

माझं अंग बिडाचं. ओतीव, जड. सुरुवातीची वर्षं मी खेळाच्या सामानाच्या दुकानात काढली. शाळा सुटली की मुलांची रांग लागायची, आणि माझ्या चाकातून ठिणग्या उडाल्या की ती मागे सरकून हसायची. ते दुकान बंद पडलं तेव्हा रॉय माकेलाने मला जुन्या गोधडीत गुंडाळून इथे आणलं. रॉय म्हणजे संघाच्या सामानाचा माणूस. कपडे धुणं, काठ्या मोजून देणं, फाटलेलं शिवणं, धार लावणं, सगळं त्याच्याकडे. खेळाडू त्याला माकी म्हणतात.

आमचा संघ लहान लीगमधला. मोठ्या लीगमधून बोलावणं येईल म्हणून वाट बघणारे जवान, आणि तिथून परत पाठवलेले जाणते गडी, असा सगळा मामला. एका वर्षी आम्ही करंडक जिंकला होता. तेव्हा कोणीतरी माझा मुका घेतला आणि डोक्यावर बिअर ओतली. दोन दिवस माझा पट्टा घसरत होता. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे माझ्यावर ओले हातमोजे वाळत पडू लागले. मालक म्हणू लागले, मोसम संपला की ही म्हातारी काढू, नवी घेऊ. मला तरी कुठे फार उत्साह उरला होता?

आता यंदाचं सांगते. यंदा आम्ही बाद फेरीत पोचलो. बाद फेरी सुरू झाली की ही माणसं वेगळीच होतात. दाढी करत नाहीत. जिंकलेल्या दिवशी जे मोजे होते तेच पुन्हा घालतात, आणि त्या वासाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जिंकत असताना काहीही बदलायचं नाही, हा इथला धर्म.

पहिल्याच फेरीत आमचा कॅप्टन ड्वेन पेल्टियर कडेच्या फळीवर आपटला. डोकं आधी, बाकीचा नंतर. उठला आणि सरळ जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसायला लागला.

“कॅप, विकला गेलास का तिकडे? आम्हाला सांगायचं तरी,” आमचा गोलरक्षक लुसिएन ओरडला. सगळे हसले. ड्वेनही हसला. मग त्याने त्याच सामन्यात निर्णायक गोल केला, आणि झालं, हसण्याचं शकुनात रूपांतर झालं.

दुसऱ्या दिवशी तो डावी स्केट घेऊन आला. धार गेली म्हणाला, वळताना पाय सुटतोय. रॉयने अंगठ्याचं नख पात्यावर ओढलं. नखाचा भुगा निघाला. धार उत्तम होती, माझीच होती ती, मला माहीत नसेल तर कोणाला? तरी रॉयने पुन्हा लावून दिली. आम्ही जिंकलो. मग प्रत्येक सामन्याआधी डावी स्केट यायलाच हवी असा नेम पडला.

नेम वाढत गेले. ड्वेनला उजेड सोसेना, म्हणून खोलीतले दिवे घालवायचे. अंधार लाभतो म्हणे. सामन्याआधी त्याला उलटी व्हायची. लुसिएन ती बादली धुऊन जागेवर ठेवायचा.

“उलटी झाली का त्याची?” कोच हॅरिगन दारातून विचारायचे.

“झाली.”

“बरं झालं. मग आज आपलाच दिवस.”

आणि कोच च्युइंगगम चघळत निघून जायचे, मागे न बघता. सगळ्यांना कळत होतं, मित्रांनो. कळलेलं बोलायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. ड्वेनचा हा शेवटचा मोसम. आम्ही जिंकलो त्या वर्षी तो या संघात नव्हता; करंडक त्याच्या हाताला कधी लागला नव्हता.

पातं झिजत चाललं. अशाने ते मोडेल, म्हणून रॉयने एक युक्ती केली. तो मला सुरू करायचा, पण चाकाला लावायचा दुसराच लोखंडाचा तुकडा. ठिणग्या उडायच्या. ड्वेन स्केट बांधायचा आणि म्हणायचा, “हां, आता जमली.” मी इतकी वर्षं पोलाद घासलं, पण अशी दमले नव्हते. खोट्या ठिणग्या उडवायला जोर जास्त लागतो.

जुन्या वस्तूंनी शेवटी आपल्याला जपा म्हणून सांगायचं असतं. मला नाही सांगायचं. माझा पट्टा बदलला, तेल घातलं की झालं. पण एखादी वस्तू सारखी बिघडलीय असं कोणी पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर वस्तू बघून झाल्यावर एकदा त्या माणसाकडेही बघा.

अंतिम फेरीतले सामने बरोबरीत आले. शेवटचा सामना आमच्याच गावात. दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि ड्वेन आला, एक हात भिंतीला लावत. मागे लुसिएन, त्याच्या मागे कोच. ठिणग्या बघायला आता सगळेच येत.

“डावी,” ड्वेन म्हणाला.

रॉयने स्केट घेतली. मला सुरू केलं. चाक फिरू लागलं, आणि त्याने हात पुढे केलाच नाही. मग त्याने माझं बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं.

“लाव ना रे,” लुसिएन म्हणाला. “माकी, वेळ होतोय.”

“या पात्याला मी कधीपासून चाक लावलेलं नाही,” रॉय म्हणाला.

“मग गेल्या सामन्याला कशी जमली?” ड्वेनने विचारलं.

“कुठे जमली? दोनदा पडलास. कोणी धक्काही दिला नव्हता.”

“रॉय,” कोच म्हणाले, “आज नको. उद्या काय ते बोल.”

“उद्या कशाला? आज परत आपटला तर?”

“तो मोठा माणूस आहे. त्याचं त्याला कळतं.”

लुसिएनने मान खाली घातली. ड्वेन बाकावर बसला, सावकाश, बाक कुठे आहे ते हाताने चाचपून.

“बोल, माकी,” तो म्हणाला. “मला कोणी विचारतच नाही. बोल तू.”

रॉयने स्केट त्याच्या मांडीवर ठेवली.

“धार ठीक आहे, ड्वेन. तुझं डोकं ठीक नाही.”