चाकाच्या झाकणातली बिअर

वाळल्या गवताची शेवटची गाडी माळ्यावर चढली की बिअर फोडायची आणि कुत्र्याचा वाटा मोटारीच्या चाकाच्या झाकणात ओतायचा, ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या क्वामे घराण्याची जुनी रीत. सासरी आल्यापासून आर्डिसला तिची किळस होती. नवरा होता तोवर दोन घोट ओतून थांबे. तो गेला आणि रीत धाकट्या दिराच्या, व्हर्लिनच्या हाती आली. त्याला थांबणं ठाऊक नव्हतं.

आर्डिस धारा काढत होती. बाहेर हशा पिकला म्हणून ती आली, तर टिपी स्वतःभोवती गरगरत होता. रोज संध्याकाळी एकटा साऱ्या गाई वळवून आणणारा कुत्रा धडपडत शेणात पडला. तिथंच ओकला. गडी मांड्या थोपटत होते.

"वैनी, बघा. टिपी पोल्का नाचतोय."

"किती पाजली?"

"त्यानंच मागितली की. झाकण चाटून लख्ख केलं."

"त्याला अक्कल न्हाई, भावजी. तुमाला होती म्हणत्यात."

तिनं टिपीचा कान चाचपला. गार. हाक मारली, डोळा हलला नाही. ओकारीचा आंबूस भपका तिच्या नाकात बसला.

"झोपू द्या. उतरंल सकाळपातूर," व्हर्लिननं बिअरचा नवा डबा फोडला.

गुरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, "उतरायची वाट बघू नका, बाई. कुत्र्याचा श्वासच बंद पडतो. गुंडाळून आत्ताच आणा."

तिनं टिपीला घोंगडीत गुंडाळून गाडीत घेतलं. डांबरी रस्ता लागायच्या आत घोंगडी हलायची थांबली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्लिन आला. टोपी काढून त्यानं कुंपणाकडेच्या टिपीच्या ताज्या मातीवर बिअरचा डबा उपडा करायला घेतला. भावाच्या मातीवरही त्यानं असंच केलं होतं.

"त्याला लई आवडायची, वैनी."

आर्डिसनं डबा हिसकावून शेणाच्या गटारात रिकामा केला. मग गाई हाकायची काठी त्याच्या हातात दिली.

"गाई पार वढ्यापल्याड हायत. रोज तो आणायचा."

"मी?"

"आजपासनं रोज. आन् शुद्धीत यायचं."

व्हर्लिन चिखलात उतरला. शीळ घातली. एकाही गाईनं मान वर केली नाही.