इंजिनला खोटं सांगणारा सेन्सर

मित्रांनो, मी एक जुना तापमान सेन्सर आहे. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, मागे दोन पिना. इतर वस्तू आपली कर्तबगारी सांगतात. मला मात्र मान खाली घालूनच बोलावं लागणार, कारण मी चार महिने खोटं सांगत राहिलो आणि शिक्षा भोगली एका भल्या माणसाने.

माझं काम सोपं होतं. इंजिनभोवती खेळणाऱ्या पाण्यात डोकं बुडवून बसायचं आणि ते किती तापलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं. इंजिन थंड असलं की तो पेट्रोल सढळ हाताने सोडतो, तापलं की हात आखडता घेतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही. सगळी भिस्त माझ्यावर. नऊ वर्षं मी इमानाने वागलो.

गाडी एका नर्सबाईंची होती, पण बहुतेक वेळा चालवायचे त्यांचे वडील. ते निवृत्त बसचालक होते. क्लच इतका अलगद सोडायचे, की मागे झोपलेल्या नातीची झोप मोडत नसे. दर गुरुवारी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीकडे जात.

"कूलंटच घाल गं, नळाचं पाणी नको," ते लेकीला बजावत. पण ती सदा घाईत. ड्यूटीवर निघताना बाटली नळाखाली धरायची आणि ओतून मोकळी व्हायची. हळूहळू माझ्यावर क्षाराचं पुट चढलं, आत ओल शिरली आणि माझं भानच हरपलं. इंजिन चटका बसेल इतकं तापलं तरी मी एकच धोशा लावून बसलो: थंड आहे, थंड आहे.

कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतत राहिला. मागून काळा धूर येऊ लागला. आठवडाभर पुरणारी टाकी चार दिवसांत रिकामी होऊ लागली.

"बाबा, तुम्ही ॲक्सिलरेटर फार दाबता," लेक एक दिवस वैतागून म्हणाली. "शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या!"

"अगं, मी नाही दाबत."

"मग काय गाडी आपोआप पितेय? वय झालंय तुमचं. द्या ती किल्ली, मीच चालवत जाईन."

आजोबांनी खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि आत गेले. मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. पण मला आता एकच गोष्ट सांगता येत होती, आणि तीही खोटी.

लेकीच्या हातीही धूर थांबेना. तरी ती म्हणायची, "बाबांनी इंजिनची आधीच वाट लावलीय." प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. निरपराध बिचारे! गाडीशेजारी उभे राहून आजोबा बहिणीला फोनवर सांगत, "गाडी दुरुस्तीला टाकलीय, म्हणून येता येत नाही." माझ्या खोट्यापायी त्यांनाही खोटं बोलावं लागलं.

शेवटी गाडी एका मेकॅनिक मावशींकडे आली. मागच्या सीटवर आजोबाही होते. मावशींनी प्लग काढून पाहिले. काजळीने काळेकुट्ट!

"हे तर नवे आहेत. पेट्रोल जास्त येतंय, पण कशामुळे?"

आजोबा चाचरत म्हणाले, "बाई, तापमानाचा काटा हल्ली वरच येत नाही."

"बाबा, तुम्ही राहू द्या ना."

"राहू कशाला द्यायचं? बोलू द्या की त्यांना!" म्हणत मावशींनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला आणि डोळेच विस्फारले. "गाडी अर्धा तास चालून आलीय आणि इथे दिसतंय अठरा अंश! काका, बरोबर पकडलंत."

इंजिन निवल्यावर त्यांनी मला काढलं, कढत पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि पिनांना मीटर लावला. आकडा जागचा हलला नाही.

"हा बघा चोर!"

मी शरमेने अर्धा झालो.

माझ्या जागी नवा सेन्सर बसला. दहा मिनिटांत धूर विरला.

"ॲक्सिलरेटर जास्त दाबल्याने झालं का हो हे?" लेकीने हळूच विचारलं.

"छे! मुंगीच्या पावलांनी चालवली असती तरी हेच झालं असतं."

लेकीने किल्ली पुढे केली. "बाबा, चुकलं माझं."

आजोबांनी किल्ली घेतली. "मलाही वाटायला लागलं होतं, पाय खरंच जोरात पडत असेल. खुर्चीत बसून रोज जमिनीवर दाबून बघायचो."

ते स्टिअरिंगमागे बसले. गॅरेजच्या दारातून गाडी काढताना त्यांचा पाय क्लचवर चाचरला आणि इंजिन दोनदा धक्का देऊन बंद पडलं. मी टेबलावर, तेलकट फडक्याशेजारी पडून हे पाहत होतो. मला कुणी भंगारात टाकलं तरी चालेल, पण ते दोन धक्के काही केल्या विसरता येत नाहीत.

मित्रांनो, गाडीत कूलंटच घाला, आमची वेळच्या वेळी तपासणी करा. आणि कधी धूर दिसलाच, तर आधी आम्हाला काढून बघा. माणसाच्या हातातून किल्ली काढून घेण्याची घाई करू नका.