परत करायची सोय

वस्तू नीट हाताळून बघण्याआधीच तिच्यावर मत ठोकून मोकळी होणारी माणसं तुमच्या-आमच्या घरांत काही कमी नाहीत. विमा कचेरीतल्या एका गृहस्थांनी मात्र त्यात नाव काढलं होतं. कुकर असो, चपला असोत की उशी, ऑनलाइन घेतलेल्या प्रत्येक वस्तूला ते पाचांपैकी एकच तारा द्यायचे आणि खाली असं झोंबरं काही लिहायचे की वाचणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. कचेरीत सगळे त्यांना ‘एकतारे’ म्हणत. हे नाव त्यांना इतकं आवडलं होतं की मत लिहिताना ते खाली तेच लावत.

घरी त्यांची आत्या होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं नावसुद्धा काढलं नाही. लहानपणी रोज जेवण झालं की ती त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. आता तिची नजर गेली होती. अंधांसाठीच्या वाचनालयातून तिला पुस्तकांच्या सीडी मिळायच्या, पण त्या लावायला घरात काहीच नव्हतं.

“मला थोडं वाचून दाखवशील का रे? एखादं पान?” तिने एकदा विचारलं होतं.

“आत्या, मला वेळ कुठे आहे? तुला मशीनच आणून देतो,” एकतारे म्हणाले, आणि बाजारातला सगळ्यात स्वस्त, हातात मावणारा सीडी प्लेयर मागवून मोकळे झाले.

प्लेयर आला. एकताऱ्यांनी सेल घातले, सीडी बसवली, बटण दाबलं. ढिम्म! सगळी बटणं दाबून झाली तरी यंत्र हूं की चूं करेना. सोबतचं माहितीपत्रक वाचायची त्यांना सवयच नव्हती. ते खोक्याबरोबर केव्हाच केराच्या बादलीत गेलं होतं.

“भंगार आहे,” त्यांनी निकाल दिला.

आत्याला मात्र आशा सुटेना. इअरफोन कानात घालून, प्लेयर मांडीवर घेऊन ती दिवसभर बसायची. मधूनच एखादं बटण चाचपून दाबायची आणि मान तिरकी करून वाट बघायची. तिला असं बसलेलं बघून एकताऱ्यांना मजकूर सुचला. कीव यायला हवी होती, पण सुचला तो मजकूर! त्यांनी लिहिलं:

‘तारा एक, तोही नाइलाजाने. आमच्याकडे एक म्हातारी आहे, तिला दिसत नाही. हा डबा आणला, तो वाजत नाही. आता दोन निकामी वस्तू एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. डबा कंपनी परत घेते म्हणे. म्हातारी परत करायची सोय कुठे आहे, ते कुणी सांगेल का?’

कचेरीत चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबसुद्धा डोळे पुसत म्हणाले, “एकतारे, तुम्ही अगदी हाइट आहात!” त्या प्लेयरच्या पानावर त्यांचं मत सगळ्यांत वर जाऊन बसलं. एकतारे त्या दिवशी हवेत तरंगतच घरी आले.

दार उघडलं तेव्हा बायको भिंतीला टेकून उभी होती, रडून डोळे सुजलेले. आत्या आपल्या खुर्चीत होती आणि तिच्या मांडीवरचा प्लेयर चक्क चालू होता!

“चालू झाला? कसा काय?” एकताऱ्यांनी विचारलं.

“बाजूला एक बारीक खटका आहे,” आत्या इअरफोन काढत म्हणाली. “तो सरकवला नाही तर कुठलंच बटण चालत नाही. वाटेत चुकून दाबलं जाऊ नये म्हणून तसा केलेला असतो. एका बाईने आपल्या मतात लिहिलं होतं. तुझ्या बायकोने मला फोनमध्ये ती बोलून वाचणारी सोय करून दिली आहे ना, त्या फोनकडूनच मी गिऱ्हाइकांची सगळी मतं वाचून घेतली. म्हटलं, कुणाला तरी ठाऊक असेल.”

एकताऱ्यांनी घाईघाईने खिशातला फोन बाहेर काढला.

“तुझं मत पहिलंच होतं,” आत्या म्हणाली. “ही मध्येच बंद करायला धावली. मीच म्हटलं, राहू दे, पूर्ण ऐकते. खाली लोकांनी काय काय टाकलंय, तेही तो फोन वाचतो बरं का. ‘हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा.’ बराच वेळ वाचत होता.”

“आत्या, अगं गंमत होती ती! तुझं नाव कुठे घेतलंय मी?”

“नाव नसलं म्हणजे माणूस नसतो का रे? ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांचंही नाव तुला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या कामाला भंगार म्हणालास. तुला खटका सापडला नाही, आणि निकामी ठरलो आम्ही. चारचौघांनी हसावं म्हणून तू मला बाजारात मांडलंस.”

एकताऱ्यांनी तिचे पाय धरले. मत पुसून टाकलं. पण कचेरीतल्या मंडळींनी त्याचे फोटो केव्हाच गावभर पाठवले होते.

“बस, आता माझं मत लिही,” आत्या म्हणाली. “तारे पाच. आवाज स्वच्छ आहे. खटका आधी सरकवावा. दोष यंत्रात नव्हता, आमच्या घरात होता. लिहिलंस?”

“लिहिलं,” एकतारे म्हणाले. “आत्या, मला माफ कर!”

“केलं. माझ्या धाकट्या बहिणीला फोन केलाय मी, ती उद्या न्यायला येतेय. परत करायची सोय होती रे. तूच कधी विचारलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी आत्या गेली. एकताऱ्यांनी खूप विनवण्या केल्या, पण ती थांबली नाही. प्लेयर तेवढा तिने बरोबर नेला.

मित्रहो, आपण सगळेच हल्ली येता-जाता तारे वाटत असतो. वाटायला हरकत नाही, पण त्याआधी चूक आपल्याच हातून तर झाली नाही ना, ते तपासा. आणि परक्यांच्या टाळीसाठी घरचं माणूस कधीही विकायला काढू नका. मत पुसता येतं, ऐकलेलं पुसता येत नाही!

एकताऱ्यांनी ते नाव टाकून दिलं. आता ते रोज जेवण झालं की आत्याला फोन लावतात आणि विचारतात, “आत्या, पुस्तक वाचून दाखवू?”

“नको रे,” आत्या शांतपणे म्हणते. “प्लेयर छान चालतोय.”